बावन्न पायऱ्या

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर चष्म्याचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामधून एक जिना वर जायचा. त्या जिन्याखालच्या तिरक्या पोकळीत टायपिस्टबाई बसायच्या. आत येणारा नवा माणूस हमखास डोकं आपटून घ्यायचा. बाई मशीनवरून नजर न काढता "सांभाळा" म्हणायच्या, पण ते आपटून झाल्यावर. तीसहून जास्त वर्षं त्या तिथे बसल्या. आधी लोखंडी मशीन होतं, मग विजेचं आलं, मग संगणक. कार्बनच्या काळात दर अर्ध्या तासाने उठून हात धुवायची सवय लागली होती, ती संगणक आल्यावरही सुटली नाही. बोटं स्वच्छ असली तरी त्या नळाखाली हात धरायच्या.

त्यांच्याकडे येणारे प्रबंध बहुतेक एकाच विभागाचे असत, प्राचीन कला आणि वास्तुकला. एकदा एकाचं काम त्यांनी नीट करून दिलं आणि मग विभागाने सगळी पोरं त्यांच्याकडेच पाठवायला सुरुवात केली. जोत्यापासून कंगोऱ्यापर्यंत सगळे शब्द बाईंना पाठ झाले. स्वतः त्या शालान्त परीक्षेपुढे शिकलेल्या नव्हत्या आणि जुनी वास्तू म्हणाल तर एकही पाहिलेली नव्हती. पण कुठल्या देवळाच्या कुठल्या भिंतीवर कोणती बाई कोणत्या हातात आरसा धरून उभी आहे, ते त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. घरी त्यांची वहिनी म्हणायची, "आमच्या वन्सं विद्यापीठाच्या फाटकाबाहेर बसून डॉक्टर झाल्या." बाई हसायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. थोरला भाऊ, वहिनी आणि भावाची मुलगी चिऊ हे त्यांचं घर.

त्यांच्या हातून झालेली चूक अगदी सुरुवातीच्या दिवसांतली, त्या तेवीस वर्षांच्या होत्या तेव्हाची.

एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर होते. शाळेत पोरांना पेले आणि सुरया काढायला शिकवून झाल्यावर उतारवयात त्यांनी प्रबंध लिहायला घेतला होता. विषय होता शहराबाहेरचा थोरला चौथरा. बसने तासभर गेलं की एका टेकाडावर काळ्या दगडाचा भलाथोरला चौथरा उभा आहे. वर काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही, सगळं पडून गेलंय. चौथऱ्यावर चढायला समोरून एक रुंद दगडी जिना आहे आणि त्याच्या फक्त वरच्या नऊ पायऱ्या जमिनीबाहेर दिसतात. मास्तरांनी परवानगी काढून, चार मजूर घेऊन, तो जिना तळापर्यंत मोकळा केला, एकेक पायरी मोजली, चितारली, आणि ऊन-पावसाने दगड उकलू नये म्हणून नियमाप्रमाणे पुन्हा वाळू-मातीने बुजवून टाकला. चौथऱ्याच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागून मात्र एक खड्डा त्यांनी उघडा ठेवला होता. त्याच्या तळाशी, जिन्याच्या पायथ्याच्याच पातळीला, त्या काळची फरसबंदी दिसते.

मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेले. हस्तलिखित देताना ते म्हणाले होते, "मुली, मला आता छापलेलं वाचवत नाही. तू बघशील तेच खरं." बाईंनी पाच आठवडे जीव ओतून काम केलं. चार प्रती, मध्ये तीन कार्बन. काळ्या रेक्झिनमध्ये बांधून प्रती विभागात गेल्या. त्याच संध्याकाळी हस्तलिखिताचे कागद गठ्ठ्यात बांधताना बाईंची नजर एका ओळीवर पडली. मास्तरांनी लिहिलं होतं, "जिन्यास एकूण २५ पायऱ्या आहेत." बाईंनी उरलेली कार्बनप्रत काढून पाहिली. तिथे होतं, ५२.

त्यांनी बाकीची पानं चाळली. आकडा सबंध प्रबंधात त्या एकाच ठिकाणी होता. दुसऱ्या दिवशी विभागात जाऊन एक शुद्धिपत्र चिकटवलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण कारकून खेकसेल, मास्तरांना वाईट वाटेल, नवी मुलगी बेफिकीर आहे असा बभ्रा होईल, असं सगळं मनात आलं. आणि शेवटी त्यांनी स्वतःला जे सांगितलं ते वाक्य पुढे त्यांना आयुष्यभर आठवत राहिलं. त्या मनाशी म्हणाल्या, वाचतंय कोण.

तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनीही बहुधा हेच म्हटलं असावं, कारण कुणीच काही विचारलं नाही. प्रबंधात जिन्याचं भलंमोठं चित्र होतं, त्यातल्या रेघा मोजल्या असत्या तरी कळलं असतं. मास्तरांना पदवी मिळाली, दोन वर्षांनी ते गेले. हस्तलिखित परत न्यायचं राहूनच गेलं. ते बाईंच्या लोखंडी कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात पडून राहिलं.

नऊ वर्षांनी विभागातला एक तरुण प्राध्यापक आपला प्रबंध घेऊन आला. चुणचुणीत, बोलण्यात साखर. बाई चौथ्या प्रकरणापर्यंत आल्या आणि त्यांचे हात थांबले. "थोरल्या चौथऱ्याच्या बावन्न पायऱ्या म्हणजे वर्षाचे बावन्न आठवडे होत." आणि पुढे नव्वद पानं त्याच पायावर रचलेली. चौथरा म्हणजे दगडी पंचांग, प्रत्येक पायरीवर त्या आठवड्याची पूजा, राजा दर आठवड्याला एक पायरी चढणार, वर्षाअखेरी माथ्यावर पोचणार.

बाईंनी धीर केला. चूक आपली आहे हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून त्या आडून म्हणाल्या, "सर, हा पायऱ्यांचा आकडा एकदा मूळ ठिकाणी जाऊन बघाल का? मास्तरांचं हस्तलिखित माझ्याकडे आहे."

प्राध्यापक गोड हसले. "बाई, तुम्ही टाइप करा," ते म्हणाले. "विचार करायचं काम आम्हाला राहू द्या."

बाईंनी टाइप केलं. त्या दिवशी नळाखाली त्या बराच वेळ उभ्या होत्या.

पुढे तो प्रबंध पुस्तक झाला, प्राध्यापक विभागप्रमुख झाले. पोरं पाठीमागे त्यांना आठवडेसर म्हणायची, पण प्रबंधात त्यांचाच दाखला द्यायची, कारण सही त्यांचीच लागायची. एकाने बावन्न आठवडे आणि शेतीची कामं असं लिहिलं. दुसरीने बावन्न आठवडे आणि स्त्रीचं शरीर असं लिहिलं. सगळं बाईंच्याच हातून गेलं. मेंढरामागे मेंढरू. आणि यातलं एकही मेंढरू तासभर बसमध्ये बसून चौथऱ्यापर्यंत गेलेलं नव्हतं, कारण प्रत्येकाने फोटो आठवडेसरांच्या पुस्तकातूनच उचललेला असायचा. त्या फोटोत डाव्या कोपऱ्यात कुणाची तरी छत्री आली होती. ती छत्री बाईंनी चार प्रबंधांत पाहिली.

चौथऱ्यापाशी पाटी लागली. संग्रहालयात लाकडी प्रतिकृती आली. ती करणारा सुतार एकदा अर्ज टाइप करायला बाईंकडे आला होता. कपाळ चोळत तो सांगत होता की बावन्न पायऱ्या त्या उंचीत काही केल्या बसेनात. एकतर पायरी कागदासारखी पातळ करावी लागत होती, नाहीतर चौथरा दुप्पट उंच. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, चौथरा उंच कर. त्याने केला. "आपल्याला काय," सुतार म्हणाला, "सांगितल्या नापाचा कोट शिवायचा. माणूस आत मावो न मावो."

बाई हसल्या नाहीत. त्यांना शिसारी आली होती, आणि ती नेमकी कोणाची ते ठरवता येत नव्हतं. आठवडेसरांची यायची, तशीच आरशात पाहिलं की स्वतःचीही यायची.

अशी वर्षं गेली आणि चिऊ मोठी झाली. ही पोर आत्याच्या मांडीवर बसून टाइपरायटरवर अक्षरं शिकलेली. शाळेतून सुटली की जिन्याखाली येऊन बसायची आणि खोडलेल्या कागदांच्या मागच्या बाजूला खांब नि कमानी काढायची. कॉलेजात तिने प्राचीन कला घेतली तेव्हा आत्याला आभाळ ठेंगणं झालं. पुढे ती पीएचडीला लागली, आठवडेसरांच्याच हाताखाली. विषय सरांनी दिला: थोरल्या चौथऱ्यावरची बावन्न आठवड्यांची उपासना, एक पुनर्विचार.

विषय ऐकून बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. पण त्यांनी मनाची समजूत घातली, की पुनर्विचार म्हटलंय, पोर जाऊन बघेल, मोजेल. आपण सांगण्याऐवजी तिलाच सापडलं तर बरं.

दोन वर्षांनी चिऊने पहिली तीन प्रकरणं आणून दिली. दुपारची वेळ होती, झेरॉक्सचं यंत्र पलीकडे खटखटत होतं. बाई टाइप करू लागल्या आणि त्यांची बोटं डोळ्यांच्या पुढे धावू लागली. वाक्य अर्धं वाचून व्हायच्या आत बोटांना पुढचं ठाऊक असायचं. पाच-सहा पानांनंतर त्यांच्या लक्षात आलं की हे आपण आधी टाइप केलंय. एका ठिकाणी "अधिष्ठान" ऐवजी "अधिष्टान" होतं. तो त्यांचाच घोटाळा, विजेच्या मशीनवर ठ ची कळ अडकायची त्या दिवसांतला. शेतीची कामं लिहिणाऱ्या पोराच्या प्रबंधातून तो जसाच्या तसा चिऊच्या हाताने उतरवला गेला होता.

उलटीच्या आधी तोंडात पाणी सुटतं तसं त्यांना झालं. परक्यांची पोरं उष्टं खातात ते एकतीस वर्षं पाहिलं होतं. हे घरचं ताट होतं.

चिऊ संध्याकाळी आली तेव्हा बाईंनी मशीन बंद केलेलं होतं. कपाटातला गठ्ठा टेबलावर होता. मास्तरांचं पान आणि पिवळी पडलेली कार्बनप्रत त्यांनी शेजारी शेजारी ठेवली, आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. कारकुनाची भीती, "वाचतंय कोण", सगळं.

चिऊ आधी हसली. मग तिने दोन्ही पानं पुन्हा पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"आत्या, पण मास्तरांनीच लिहिताना चूक केली असेल तर? कशावरून तुझीच?"

"जाऊन मोजू या," बाई म्हणाल्या. "मोजायला काय जातं?"

रविवारी दोघी गेल्या. बाई आयुष्यात पहिल्यांदा त्या जागी उभ्या राहिल्या. एवढी वर्षं शब्दांतून ओळखलेला तो दगड त्यांनी हाताने चाचपला. ऊन लागून गरम झाला होता, कडा अजून धारदार. आणि मग आजूबाजूला नजर गेली. पायऱ्यांच्या सांध्यांत बाटल्यांची झाकणं खोचलेली, कोपऱ्यात थुंकीचे डाग, प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी खिळ्याने आपलं नाव कोरून ठेवलेलं. मागच्या खड्ड्यातून मुतारीचा वास येत होता. विभागाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत "बावन्न" होतं आणि खाली आठवडेसरांचं नाव. बाईंनी नाकाला रुमाल लावला.

जिना खणणं शक्य नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. दिसणाऱ्या नऊ पायऱ्यांची उंची त्यांनी टेपने मोजली. एक मीटर अठ्ठ्याण्णव. म्हणजे पायरीला साधारण बावीस सेंटिमीटर. मग दोघी मागच्या बाजूला गेल्या. बाईंनी दुकानाचं कुलूप सुतळीच्या टोकाला बांधलं होतं. चिऊ वर उभी राहिली आणि तिने ते कुलूप भिंतीच्या कडेने खाली सोडलं. बाई रुमाल दाताखाली धरून खड्ड्यात उतरल्या आणि कुलूप फरसबंदीला टेकलं तशी त्यांनी हाक दिली. सुतळीला गाठ मारून ती वर अंथरून मोजली. पाच मीटर सत्तर.

"बावन्न पायऱ्यांना किती लागले असते?" बाईंनी विचारलं.

चिऊने फोनवर आकडे टाकले. "अकरा मीटर चव्वेचाळीस."

"आणि पंचवीसला?"

"साडेपाच," चिऊ म्हणाली आणि तिने सुतळीकडे पाहिलं. वीस सेंटिमीटरचा फरक सोडला तर उत्तर समोरच्या गाठीत होतं. दोन बायका, एक सुतळी, एक कुलूप, अर्धा तास. बावीस वर्षांत एवढंही कुणी केलं नव्हतं. बाईंना वाटलं होतं की खरं कळल्यावर छातीवरचा धोंडा उतरेल. उलट त्यांना त्या विभागाची, त्या रेक्झिनच्या बांधण्यांची, सोनेरी अक्षरांची अशी किळस आली की परतीच्या बसमध्ये खिडकी उघडून बसावं लागलं.

 उतरताना चिऊ एवढंच म्हणाली, "दोन वर्षं घातली मी यात." मग थोड्या वेळाने, "सरांना सांगायला हवं. तू येशील बरोबर?"

बाईंनी तिचा हात धरला. पोर खरी आहे, त्यांनी मनात म्हटलं. आपल्याला तेविसाव्या वर्षी जे जमलं नाही ते ही करतेय.

मंगळवारी सकाळी दोघी आठवडेसरांच्या केबिनमध्ये गेल्या. सर आता जाड झाले होते, केस रंगवलेले, मागे काचेच्या कपाटात स्वतःच्या पुस्तकाच्या तीन आवृत्त्या. बाईंनी हस्तलिखित, कार्बनप्रत आणि सुतळीचं माप टेबलावर मांडलं आणि चूक आपली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. सर ऐकत होते. रागावले नाहीत, चिडले नाहीत. रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

बोलणं संपल्यावर बाईंनी एक जास्तीची गोष्ट विचारली. मास्तरांच्या हस्तलिखितात एका शिलालेखाची टीप होती, चौथरा बांधणारे लोक दहा-दहा दिवसांनी काळ मोजत असत अशी. "सर, त्यांच्यात आठवडा होता का मुळात?"

"होता ना," सर म्हणाले. "आपण ते सिद्ध केलंय."

"कशावरून?"

"पायऱ्यांवरून."

बाईंना वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. पण सर शांतपणे पेनाचं टोपण काढून कागदावर रेघा मारत होते. जिन्याचं चित्र होतं ते. एक रेघ चढती, एक उतरती.

"बाई, तुमचं माप मला मान्य आहे," ते म्हणाले. "उलट तुमचे आभार. पायऱ्या पंचवीस. उपासक पंचवीस पायऱ्या चढतो. पण तो वर राहतो का? उतरतो. पंचवीस उतरायच्या. वरचा माथा एक, खालचा उंबरा एक. आता सांगा, किती झाले?"

 हा माणूस आता हसेल आणि गंमत केली म्हणेल अशी बाईंना वेडी आशा होती. शेजारून आवाज आला.

"बावन्न," चिऊ म्हणाली.

ती पुढे सरकून कागदाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत रविवारचा काळवंडलेपणा नव्हता. बुडणाऱ्याला फळी सापडली की दिसतात तसे डोळे होते. सर म्हणाले की हाच तुझा पुनर्विचार, पंचवीस अधिक पंचवीस अधिक दोन, नवी मांडणी, जुना निष्कर्ष आणखी भक्कम. चिऊ वहीत उतरवून घेत होती. सर म्हणाले आठवडा म्हणजे इथे चढणं-उतरणं, श्वास घेणं-सोडणं. चिऊने तेही उतरवलं.

बाईंनी कागद गोळा केले आणि उठल्या. बाहेर पडताना सरांनी चहा घेणार का विचारलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं, कारण तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं याचा भरवसा नव्हता. व्हरांड्याच्या टोकाला बेसिन होतं. त्यांनी हात धुतले, मग चूळ भरली, मग पुन्हा हात धुतले.

चिऊ मागून आली. "आत्या, असं काय करतेस? कुणाचं नुकसान झालं यात?"

"तू त्या सुतळीचं वरचं टोक धरलं होतंस," बाई म्हणाल्या.

"मग? पंचवीसच लिहिणार आहे ना मी. खोटं कुठे लिहितेय?"

 बाईंना हेच सगळ्यात जास्त लागलं, की या बोलण्यात एकही आकडा खोटा नव्हता. त्यांची चूक निदान साधी होती, दोन आकड्यांची अदलाबदल, शुद्धिपत्राच्या एका चिठ्ठीने पुसली गेली असती. ही पुसायची कशाने?

उरलेली प्रकरणं टाइप करायला त्यांनी नकार दिला. चिऊ रडली, मग रागावली, मग स्वतःच संगणकावर टाइप करून मोकळी झाली. घरात भाऊ म्हणाला, पोरीचं आयुष्य घडतंय आणि तू दगडासाठी अडून बसलीस. वहिनी म्हणाली, "वन्सं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचं टाइप केलंत आणि घरच्या लेकराच्या वेळी हात दुखले?" बाईंनी समजावून पाहिलं, पण पायऱ्या पंचवीस की बावन्न हे सांगायला लागलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहून त्या थांबायच्या. चेहरा म्हणायचा, वाचतंय कोण.

चिऊला पदवी मिळाली. परीक्षकांनी नव्या मांडणीचं कौतुक केलं. वर्षभरात ती विभागात शिकवायला लागली. प्रबंधाची एक प्रत तिने आत्यासाठी आणून ठेवली. ऋणनिर्देशात शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "माझ्या आत्याची मायेची पाखर सतत सोबत होती." बाईंनी प्रत मिटली आणि दोन बोटांनी उचलून, मेलेली पाल उचलावी तशी, कपाटाच्या वर ठेवली. मास्तरांच्या गठ्ठ्याशेजारी ती ठेवायला त्यांचा हात धजला नाही.

प्रबंध घेणं त्यांनी बंद केलं. आता त्या घरभाड्याचे करार टाइप करतात, नोकरीचे अर्ज, हरवल्याच्या जाहिराती. त्यात एक आकडा चुकला तर माणूस धावत येतो, टेबलावर हात आपटतो, शिव्या घालतो. बाईंना ते आवडतं. भावाशी बोलणं होतं, चिऊशीही होतं, जेवायला वाढलं की होतं तेवढं.

संग्रहालयाला त्यांनी एक पत्र लिहिलं, मापांसकट. उत्तर आलं, की आपली सूचना तज्ज्ञ मतासाठी विभागप्रमुखांकडे पाठवली आहे. ते पत्र वाचून त्यांना रागही आला नाही. नुसतं तोंड कडू झालं, दिवसभर तसंच राहिलं.

मात्र मास्तरांचं हस्तलिखित त्यांनी पहिल्यांदाच सबंध वाचलं. टाइप केलं होतं तेव्हा अक्षरं पाहिली होती, वाचलं नव्हतं. एका पानावर मास्तरांनी लिहिलं होतं की जिन्याच्या पायऱ्या सारख्या नाहीत. तळाची सगळ्यात उंच, आणि वर जावं तशी प्रत्येक पायरी नखाच्या जाडीएवढी, म्हणजे मिलिमीटरभर, कमी होत जाते. सुतळीत जास्तीचे आलेले वीस सेंटिमीटर ते हेच. चढणारा दमत जातो तसा जिना त्याला सवलत देतो, आणि खालून पाहणाऱ्याला चौथरा आहे त्याहून उंच दिसतो. ज्या पाथरवटाने हे केलं त्याने कुठेही नाव कोरलेलं नाही, असंही पुढे होतं.

या एका पानावर सबंध विभाग जगला असता. पण ते कुणी पुढे नेलं नाही, कारण त्यात राजा नव्हता, पूजा नव्हती, आठवडे नव्हते. प्रबंधाच्या बांधलेल्या प्रतीत ही ओळ शाबूत आहे का ते पाहायला बाई ग्रंथालयात गेल्या. ओळ होती. जिन्याचं चित्र मात्र नव्हतं. कुणीतरी आपल्या प्रबंधात लावायला ब्लेडने कापून नेलं होतं, आणि कापताना मागच्या पानाचाही तुकडा गेला होता. ग्रंथपालाने खांदे उडवले.

मग बाई महिन्यातून एखाद्या रविवारी चौथऱ्यावर जाऊ लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारणारं नव्हतं. बरोबर पोलादी मोजपट्टी, एक ब्रश, पाण्याची बाटली. भिंतीच्या कडेला, जिथे पावलं पडून दगड झिजलेला नाही, तिथे त्या एकेक पायरी मोजायच्या. आधी थुंकीचे डाग धुवावे लागायचे. तोंडावर रुमाल बांधून त्या धुवायच्या. माथ्याची पायरी एकवीस सेंटिमीटर सहा मिलिमीटर. तिच्या खालची एकवीस सात. तिच्या खालची एकवीस आठ. एका दिवशी दोन-तीनच पायऱ्या व्हायच्या, कारण बाई एकेक माप तीनदा घ्यायच्या.

एका रविवारी एक कुटुंब आलं होतं. पाटी आता नवी होती, तिच्यावर चढत्या-उतरत्या रेघांचं चित्र आणि आठवडेसरांच्या नावाखाली चिऊचं नाव. कुटुंबातला माणूस पाटी वाचून बाईंपाशी आला. काय चाललंय म्हणाला.

"पायऱ्या मोजतेय."

"बावन्न आहेत ना? तिथे लिहिलंय."

"तुम्हीच मोजा," बाई म्हणाल्या.

त्याने खरंच मोजल्या, बोट दाखवत, मोठ्याने. नऊपर्यंत आला, खाली मातीकडे पाहिलं, थोडा वेळ उभा राहिला. बाईंनी ब्रश खाली ठेवला. पण तो म्हणाला, "बाकीच्या खाली असतील," आणि बूट काढून शेवटच्या पायरीवर बसून त्यातला खडा झाडू लागला. जाताना त्याने रिकामी बाटली तिथेच टाकली.

बाईंनी ती दोन बोटांनी उचलून पिशवीत घातली, हात धुतले, आणि वरून सातव्या पायरीला मोजपट्टी लावली. बावीस सेंटिमीटर, दोन मिलिमीटर.